मोटार हाकणारे स्मरणात, मोटार घडवू पाहणारा विस्मरणात

१/ ‘इंग्रजांनी भारताला मोटार दिली’ हे विधान वारंवार केले जाते. वस्तुस्थिती अशी की इंग्रजी राजवटीने भारतात मोटारी विकू दिल्या आणि मोटारीच्या कारखान्याला मात्र पाठबळ नाकारले.

२/ आरंभीच्या मोटारयुगाचे नायक म्हणून चार्ल्स ग्लिडन यांच्यासारख्यांची नावे घेतली जातात. टेलिफोनच्या धंद्यात धन मिळवलेल्या या अमेरिकी गृहस्थाने ब्रिटिश बनावटीच्या नेपियर मोटारीतून जगप्रवास केला. १९०३ मध्ये स्वीडनमध्ये आर्क्टिक वृत्त ओलांडले. साहस खरेच. परंतु केवळ अशा प्रवासांतून मोटारीचा इतिहास वाचला, तर वसाहतींतील माणसे रस्त्याकडेला उभे राहून पाहणारी एवढीच उरतात.

३/ त्याच दशकात सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) रेल्वेच्या कंत्राटदारीत उतरले. पुढे त्यांच्या कंपनीने भोर घाटातील बोगदे खोदले आणि ठाणे जिल्ह्यातील तानसा तलावाचे पाणी मुंबईस नेणारे नळ घातले.

४/ सर विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकात मोटार कारखान्याची योजना मांडली. वालचंदांनी ती उचलली आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. महायुद्ध सुरू होते, सैन्याला मालमोटारी हव्या होत्या. तरीही दिल्ली सरकारने हा उद्योग युद्धोपयोगी मानला नाही. मालमोटारी बाहेरून आणवल्या.

५/ आक्षेप येतो : ‘वालचंद परदेशी सुटे भागच जोडणार होते.’ मग जपान पाहावा. तेथेही १९२०च्या दशकात फोर्ड आणि जनरल मोटर्स सुटे भागच जोडत. १९३६ मध्ये जपानी सरकारने कायदा करून स्वदेशी उत्पादकांना संरक्षण दिले. जपानचे सरकार जपानचे होते, भारताचे नव्हते. भेद कौशल्याचा नव्हता, सत्तेचा होता.

६/ अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. तिचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. पुढे कल्याण-डोंबिवलीतही तिच्या मोटारी तयार झाल्या.

७/ स्वातंत्र्यानंतर राज्यसत्तेनेच उद्योगासाठी जमीन, रस्ते, पाणी पुरवले, तेव्हा काय घडले याचा दाखला ठाण्यात आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. तेथील लेथवर लोखंड कातणारे हात वीस वर्षांपूर्वीही याच भूमीत होते. त्यांना काम नाकारणाऱ्यांना मोटारयुगाचे दाते म्हणणे हा इतिहास नव्हे, कृतघ्नता आहे.