वीस देवपुत्र आणि एक अबोल पिता

भाऊबंदकी हा शब्द मराठी घराला नवा नाहीं. वाटणीच्या भिंती, बंद पडलेलें येणेंजाणें, एकाच आडनांवाचे वादी आणि प्रतिवादी, हें सर्व आपण जवळून पाहिलेलें असतें. तीच भाऊबंदकी तारामंडळांत नेऊन मांडली तर तिचें रूप कसें दिसेल, हें इंग्लंडांतील कांहीं लेखकांनीं मिळून दाखविलें आहे. ज्या तरुण वाचकांना विज्ञानकथांची गोडी आहे, त्यांना त्या कथेंतील वीरांचीं नांवें तोंडपाठ असतील. त्यांच्या वडीलधाऱ्यांसाठीं ती कथा येथें थोडक्यांत सांगावी, असा ह्या महिन्याचा विचार आहे.

कथेचा जन्म एका खेळांतून झाला. गेम्स वर्कशॉप ह्या इंग्रज कंपनीनें १९८७ सालीं 'वॉरहॅमर ४०,०००' नांवाचा, रंगविलेल्या चिमुकल्या सैनिकांनिशीं टेबलावर खेळावयाचा युद्धखेळ काढला. त्याचा कर्ता रिक प्रीस्टली. पुढील वर्षीं प्रचंड युद्धयंत्रांचा एक निराळा खेळ निघाला, तेव्हां पेटींत एकाच घडणीचीं यंत्रें घालणें परवडण्याजोगें होतें. मग दोन्ही पक्षांकडे सारखीं यंत्रें कशीं? तर हें युद्ध परक्यांशीं नसून आपसांतील आहे! खर्चाच्या अडचणींतून निघालेल्या ह्या युक्तीचा पुढें एवढा विस्तार झाला, कीं २००६ सालीं सुरू झालेली 'होरस हेरेसी' ही कादंबरीमाला साठांहून अधिक खंडांनंतर २०२४ सालीं पुरी झाली.

कथेचा काळ एकतिसाव्या सहस्रकांतील. मनुष्यजात ताऱ्यांताऱ्यांवर विखुरलेली आहे. तिला पुन्हां एकछत्राखालीं आणण्यास निघालेला एक अमर सम्राट हिमालयावर राजधानी करून राहतो. देवधर्म हें सारें थोतांड, असें त्याचें मत. विज्ञानाच्या बळावर तो स्वतःच्या अंशापासून वीस पुत्र निर्माण करतो. त्यांस 'प्रायमार्क' म्हणतात. सामर्थ्यानें ते देवांच्या तोडीचे, परंतु राग, लोभ आणि मत्सर मात्र माणसांचेच. अंधाऱ्या शक्ति ह्या अर्भकांना पळवून निरनिराळ्या ग्रहांवर टाकतात. कोणी राजाच्या घरीं वाढतो, कोणी गुलामांच्या आखाड्यांत. पुढें पिता एकेकास शोधून काढतो व एकेका सैन्याचें आधिपत्य देतो. दोघांचीं नांवें मात्र इतिहासांतून खोडून टाकलेलीं आहेत, आणि त्यांचा विषय भावांनीं काढावयाचा नाहीं. घरांत न बोलण्याची शिस्त अशी आरंभापासूनचीच आहे.

उरलेल्या अठरांपैकीं लॉर्गर हा भाविक. तो पित्यालाच देव मानून त्याचीं मंदिरें बांधीत सुटतो. पित्यास हें रुचत नाहीं. लॉर्गरचें सर्वांत सुंदर नगर भस्म करण्यांत येतें, आणि त्या राखेंत त्याला सर्व सैन्यासह गुडघे टेकावे लागतात. भक्तीला आधार न उरलेला हा मुलगा दुसरे देव शोधूं लागतो, आणि त्याला सांपडतात त्या नेमक्या अंधाऱ्या शक्ति. पर्टुराबो हा तट फोडण्यांत अद्वितीय, परंतु त्याचें मन रमतें सुंदर इमारतींच्या नकाशांत. त्याच्या वांट्याला जन्मभर वेढ्यांचा चिखल येतो, आणि हिमालयावरील राजवाडा बळकट करण्याचा मान मिळतो रोगल डॉर्न ह्या भावाला. तुझे तट पर्टुराबोपुढेंही टिकतील काय, असें कोणी विचारतां डॉर्न सरळपणें होकार देतो. एवढ्या एका उत्तरानें दोघे कायमचे वैरी होतात.

सर्वांत आधीं सांपडलेला आणि सर्वांत लाडका पुत्र होरस. उल्लानोर येथील विजयानंतर सम्राट त्याला सरसेनापति नेमून स्वतः पृथ्वीवर परततो. कां परततो, तें सांगत नाहीं. राजवाड्याच्या तळघरांत मनुष्यजातीच्या हिताचेंच एक गुप्त काम चाललेलें असतें, पण न सांगितलेल्या कारणाची जागा संशय भरून काढतो. होरस अंधाऱ्या शक्तींच्या नादीं लागतो. दूर देशीं असलेल्या मॅग्नस ह्या एकाक्ष विद्वान भावास हें मंत्रविद्येनें कळतें. ती विद्या पित्यानें निषिद्ध ठरविलेली, तरी बापाला सावध केलेंच पाहिजे म्हणून तो तिच्याच साह्यानें निरोप धाडतो, आणि त्या निरोपाच्या धक्क्यानें तळघरांतील कामाचें संरक्षक कवच फुटतें. तेथें असें कांहीं चाललें आहे, हें मॅग्नसला कोणीं सांगितलेंच नव्हतें! त्याला पकडून आणण्यास लेमन रस ह्या भावाची रवानगी होते. वाटेंत होरस त्या हुकुमांत 'पकडा'च्या जागीं 'नाश करा' असा बदल करवितो. नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या आख्यायिकेंतील 'ध'चा 'मा' मराठी वाचकांस येथें आठवल्यावांचून राहणार नाहीं. मॅग्नसचें नगर जळतें, आणि शत्रूची वर्दी देणारा मुलगा अखेर शत्रूच्याच छावणींत जातो.

मग नऊ भाऊ एका बाजूला आणि नऊ दुसऱ्या. एकमेकांसाठीं आपल्या हातांनीं शस्त्रें घडविणारे फुल्ग्रिम आणि फेरस मॅनस हे जिवलग भाऊ समोरासमोर येतात, आणि फुल्ग्रिम फेरसचा शिरच्छेद करतो. शेवटच्या वेढ्यांत पंखधारी सँग्विनियस होरसच्या हातून मरतो, होरस पित्याच्या हातून. घायाळ पिता सुवर्णसिंहासनावर दहा हजार वर्षें ना जिवंत ना मृत असा बसून राहतो. त्याहून कठोर शेवट पुढेंच आहे. ज्यानें देवधर्म मोडावयाचा चंग बांधला, त्याचीच प्रजा पुढें देव म्हणून पूजा करते, आणि तिचा धर्मग्रंथ असतो द्रोही ठरलेल्या लॉर्गरनें पूर्वीं लिहिलेला. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या कथाभागांत गिलिमन हा निष्ठावंत पुत्र दीर्घ निद्रेंतून जागा होतो, आणि वडिलांच्या राज्याची ही दशा त्याला पाहावी लागते.

सारा दोष पित्यावर टाकून मोकळें होणें न्यायाचें होणार नाहीं. डॉर्न आणि सँग्विनियस ह्यांनाही त्यानें अधिक कांहीं सांगितलें नव्हतें, तरी ते ढळले नाहींत. अन्याय झाला म्हणून द्रोह क्षम्य ठरत नाहीं. पण ज्यानें मुलांना अधिकार दिले आणि विश्वास दिला नाहीं, त्यानें फुटीसाठीं भेग तयार ठेविली, हेंही तितकेंच खरें. आमच्याकडे कुंतीनें कर्णाचें नातें पांडवांस सांगितलें तें युद्ध संपून जलांजलि देण्याची वेळ आली तेव्हां. ह्या इंग्रजी कथेंत तर मुलांची बाजू बापाकडे मांडणारी आई राजवाड्यांत नाहींच. आपल्या घरांतून हें काम तीच मुकाट्यानें करीत आली, म्हणून कित्येक वडिलांचा अबोला निभावून गेला.

ग्रंथ रक्तपातानें भरलेले आहेत. लहान मुलांच्या हातीं ते देऊं नयेत. मोठी मुलें वाचीत असतील तर मात्र पुस्तक हिसकावून घेण्यापेक्षां, होरसचें काय चुकलें, असें त्यांना विचारावें. आणि ते उत्तर देत असतां वडिलांनींही आपल्याशीं एक हिशेब करावा: कोणाच्या शिक्षणावर अधिक खर्च कां केला, घर कोणाच्या नांवें कां ठेविलें, ह्याचीं कारणें मुलांना आपल्या तोंडून कळलीं आहेत काय? नसल्यास तीं आपण हयात असतांनाच सांगावीं. मागाहून मृत्युपत्र वाचलें जातें खरें, परंतु त्याला उलट प्रश्न विचारतां येत नाहीं.