नेम बरोबर, माणूस चुकीचा




ड्रोनने माणसे टिपण्याचा विषय निघाला की समर्थक दोन मुद्दे हमखास मांडतात : आपले सैनिक वाचतात आणि नेम अचूक लागतो. पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आपला जवान सुखरूप घरी यावा, असे कोणाला वाटत नाही? दुसऱ्याबद्दल मात्र २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये काय घडले, ते आठवावे.

त्याआधी तीनच दिवस विमानतळावरच्या आत्मघाती स्फोटात अमेरिकेचे १३ सैनिक आणि सुमारे १७० अफगाण नागरिक मारले गेले होते. पुढच्या हल्ल्याची धास्ती होती. अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटावर सुमारे आठ तास पाळत ठेवली. गाडी चालवणारा एका मदतसंस्थेचा कर्मचारी होता आणि तो गाडीत पाण्याचे कॅन भरत होता. पडद्यापुढे बसलेल्यांना ती स्फोटके वाटली. गाडी घराच्या अंगणात शिरली आणि तिच्यावर हेलफायर क्षेपणास्त्र सोडण्यात आले. दहा माणसे गेली, त्यांत सात मुले. क्षेपणास्त्र ठरवलेल्या जागीच पडले होते.

अमेरिकी सैन्यदलांचे प्रमुख जनरल मार्क मिली यांनी सुरुवातीला हा हल्ला योग्यच ठरवला. पत्रकारांनी त्या घरापर्यंत जाऊन माहिती खणून काढली, तेव्हा कुठे १७ सप्टेंबरला चूक कबूल झाली. चौकशी हवाई दलाच्याच महानिरीक्षकांनी केली. हल्ल्याच्या दोन मिनिटे आधीच्या चित्रणात एक मूल दिसत होते, हे त्यांनी मान्य केले. तरी कायदा मोडल्याचे त्यांना आढळले नाही. डिसेंबरमध्ये जाहीर झाले, कोणालाही शिक्षा नाही.

धुमश्चक्रीत, समोरून गोळ्या येत असताना सैनिकाच्या हातून चूक झाली तर ती मी समजू शकते. इथे पाळत ठेवणाऱ्यांवर कोणी गोळी झाडत नव्हते. युद्धात लढणाऱ्याला मारण्याची मुभा कायदा देतो, पण हा लढणाराच आहे हे कोण ठरवणार आणि कशावरून? आरोप, पुरावा, निकाल, अंमलबजावणी आणि शेवटी स्वतःचीच चौकशी, हे सारे एकाच यंत्रणेच्या हाती असेल, तर तिला न्याय्य म्हणता येणार नाही.

काबूल निदान राजधानी होती, पत्रकार पोहोचू शकले. अमेरिकी ड्रोनचे हल्ले झाले त्या पाकिस्तानातल्या वझिरिस्तानात आणि येमेनच्या खेड्यांत काय झाले असेल? हल्ल्याच्या टापूत सापडलेला लढण्याच्या वयाचा प्रत्येक पुरुष, निर्दोष असल्याचा पुरावा मागाहून मिळाला नाही तर, अमेरिकेकडून अतिरेकी म्हणून मोजला जाई, हे २०१२ मध्ये उघड झाले. अशा हिशेबात नागरिक कमी मेल्याचे दिसणारच. जानेवारी २०१५ मध्ये अशाच एका ड्रोनहल्ल्यात एक अमेरिकी आणि एक इटालियन ओलीस मारले गेले, तेव्हा अध्यक्ष ओबामांनी स्वतः जाहीर माफी मागितली. ते योग्यच झाले. वझिरिस्तानातल्या किती आईबापांच्या वाट्याला अशी माफी आली?

पोलीस पोहोचू शकत नाहीत तिथे दडलेल्या दहशतवाद्यांचे काय, असे कोणी विचारील. शस्त्रच टाकून द्या, असे मी म्हणत नाही. पकडणे खरोखर अशक्य होते का आणि धोका खरोखर तोंडावर होता का, हे प्रत्येक हल्ल्यानंतर लष्कराबाहेरच्या कोणीतरी तपासावे, मृतांची नोंद जाहीर करावी आणि चूक झाली तर भरपाई द्यावी, एवढेच मागणे आहे.

हा प्रश्न आता केवळ अमेरिकेचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने ३१ एमक्यू-९बी ड्रोनच्या खरेदीचा करार केला. हे ड्रोन क्षेपणास्त्रे वाहू शकतात. त्यांच्या वापराचे नियम काय असतील आणि चुकीचा जाब कोण देईल, हे महाराष्ट्रातल्या खासदारांनी ड्रोन येण्याआधी संसदेत विचारावे, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, सांगली