‘चांगली वर्तणूक’ कुणाची? शिक्षामाफीच्या खात्यातली जात

१५ ऑगस्ट २०२२. देशात स्वातंत्र्याचा अमृत महोत्सव चालू होता आणि गोध्र्याच्या तुरुंगातून बिल्किस बानोचे ११ गुन्हेगार बाहेर पडत होते. सामूहिक बलात्कार आणि खुनांसाठी जन्मठेप झालेली ही माणसं. दाराशी हार-पेढे तयार होते. सुटकेचं कारण? चांगली वर्तणूक. माफीची शिफारस करणाऱ्या समितीतला सत्ताधारी पक्षाचा आमदार तर उघड म्हणाला की ते ब्राह्मण आहेत, ब्राह्मणांचे संस्कार चांगले असतात.

८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ही माफी रद्द केली. खटला मुंबईत चालला होता, म्हणून माफीचा निर्णय घेण्याचा अधिकार गुजरातला नव्हताच. निकाल स्वागतार्हच आहे. पण आपला प्रश्न त्याने संपत नाही. तुरुंगात ‘चांगली वर्तणूक’ मोजतो कोण, आणि कोणत्या मापाने?

व्यवस्था अशी आहे. १८९४ च्या तुरुंग कायद्याने शिक्षा कमी करण्याचे नियम करायचा अधिकार सरकारांना दिला. शिस्तीने वागलात तर महिन्याला काही दिवस माफ, नेमून दिलेलं काम केलंत तर आणखी काही. हे दिवस खात्यावर जमा होतात, गैरवर्तन झालं तर कापले जातात. खुनासारख्या गुन्ह्यातल्या जन्मठेपेत मात्र किमान १४ वर्षं प्रत्यक्ष भोगावीच लागतात, त्यानंतर सरकार ठरवतं. कागदावर सगळं छान. पण पेन तुरुंग अधिकाऱ्याच्या हातात आहे.

पहिली गोष्ट, हे खातं शिक्षा लागल्यावरच उघडतं. २०२२ अखेर देशात ५,७३,२२० कैदी होते, त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवर गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. जामीनदार नाही, वकिलाला पैसे नाहीत म्हणून वर्षानुवर्षं आत असलेला पारधी वस्तीवरचा पोरगा कितीही सरळ वागला तरी त्याच्या खात्यावर एक दिवस जमा होत नाही. पुढे शिक्षा झाली तर आत काढलेले दिवस वजा होतात, पण त्या दिवसांवरची माफी नाही. अनुसूचित जाती लोकसंख्येत १६.६ टक्के, तुरुंगात त्याहून जास्त. मग या नियमाचा मार कुणावर पडतो ते वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट, कामाची वाटणीच जातीवर होती. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता खटल्याच्या निकालाने हे चव्हाट्यावर आणलं. पश्चिम बंगालच्या नियमावलीत सफाईचं काम मेहतर, हाडी जातींना नेमून दिलेलं. त्याच नियमावलीत कैद्यांमधून रात्रीचा पहारेकरी नेमताना अट अशी की तो भटक्या जमातीचा नसावा, कारण म्हणे त्यांना पळून जायची उपजत सवय असते! कैद्यांमधून असे पहारेकरी नेमायचे आणि त्यांना माफीचे जादा दिवस द्यायचे ही इंग्रजांपासूनची पद्धत. म्हणजे जादा माफीचा रस्ता जन्मानेच बंद. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्याची बुद्धी तुरुंगाच्या रजिस्टरमध्ये आणि ‘सराईत गुन्हेगार’ या शिक्क्यात जिवंत राहिली. न्यायालयाने संविधानाच्या कलम १७ चा आधार घेत असे नियम रद्द केले आणि रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला लावला.

काही मित्र म्हणतात, मग माफीच बंद करा. नाही! तसं केलं तर पैसेवाला पॅरोल आणि अपिलातून वाट काढेल, आपला माणूस आत सडेल. माणूस बदलू शकतो हे बुद्धाच्या मार्गाने जाणाऱ्यांनी नाकारायचं नाही. आपला विरोध माफीला नाही, माफीतल्या मनूला आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. एक, कच्च्या कैदेतल्या चांगल्या वर्तणुकीचे दिवसही माफीच्या हिशोबात धरा. दोन, वर्तणुकीची नोंद दर महिन्याला कैद्याला लेखी द्या आणि तिच्याविरुद्ध दाद मागायची सोय ठेवा. तीन, अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५अ ने पीडिताला जामीन, पॅरोल, सुटकेच्या सुनावणीत म्हणणं मांडायचा हक्क दिला आहे. तोच हक्क माफीच्या समितीसमोरही हवा. आपल्या वस्तीवर हल्ला करणारा ‘संस्कारी’ म्हणून सुटत असताना आपल्याला पेपरातून कळता कामा नये.

आणि हे आजपासून करता येईल. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२५ ला सांगितलं आहे की जिथे माफीचं धोरण आहे तिथे पात्र कैद्याने अर्ज केला नाही तरी सरकारने विचार केलाच पाहिजे आणि निर्णयाची कारणं दिली पाहिजेत. तरुणांनो, जयंतीच्या डीजेचं बजेट ठरवायच्या आधी आपल्या जिल्ह्यातल्या तुरुंगात माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. किती कैदी माफीला पात्र, किती प्रकरणं पाठवली, किती फेटाळली, कारणं काय? आपल्या वस्तीतलं कोण आत आहे त्याची यादी करा, ती घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जा. बाबासाहेबांनी कायदा शिकून हत्यार केला. आपण निदान तो वाचू तरी.

जय भीम! जय संविधान!