पुढची चाके का उडतात?

१९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार आपल्या घरोघरी परिचयाची झाली. आता तशाच, पण कितीतरी जोमदार गाड्या तरुणांच्या हाती आहेत. त्या एकदम जोरात सोडल्या, की पुढची चाके थडथड उडतात. तरुण मंडळी हिला इंजिनाची ताकद समजतात. आम्हांस ती गाडीची तक्रार वाटते.

सुटताना भार मागे सरकतो. पुढच्या टायरची पकड सुटते, पुन्हा बसते. या ओढाताणीत इंजिनाच्या माउंटिंगचे व सस्पेन्शनचे रबर पिळवटून उसळते. हे चालू दिल्यास ड्राइव्ह शाफ्ट तुटू शकतो. म्हणून चाके उडताच अ‍ॅक्सिलरेटर सोडावा. झिजलेली माउंटिंग्ज व बुश बदलावेत, हवा तपासावी. कडक बुश उपयोगी खरे. पण थरथर आत येते.

टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने धारदार लागल्यास टायर फरफटत आहे, असे समजून व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. रुंद टायर मडगार्डला घासत असेल, तर दोष आपल्या हौसेचा!

बिनखर्चाचा उपाय एकच, वाचकहो: पाय हलका ठेवावा.