गोळी माझी, प्रश्नही माझे

"झोप फार येते," असं मी सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बरंच आहे की, विश्रांती मिळतेय." करंज्याच्या कोळणीला विश्रांती! पहाटे धक्क्यावर मासळी घ्यायची आणि उरणचा बाजार गाठायचा. नेमके तेव्हाच माझे डोळे मिटायचे. तोंडाला कोरड, आणि मळमळ इतकी की ज्या वासात वाढले तो सुक्या बोंबलांचा वासही नकोसा झाला. जाऊ म्हणाली, "गोल्या बंद कर."

नैराश्यावरच्या गोळ्यांचा त्रास आधी येतो आणि गुण मागाहून, बहुधा दोन ते सहा आठवड्यांनी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मळमळ सहसा काही आठवड्यांत ओसरते, जेवणानंतर गोळी घेतली तर कमी होते. झोप येत असेल तर वेळ बदलून घेता येते. या चार वाक्यांना किती वेळ लागतो?

तिसऱ्या महिन्यात मी सावरले. पण वजन वाढलं, आणि नवऱ्याजवळ जाण्याची इच्छाच उरली नाही. ही गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही, मीही लाजेनं बोलले नाही. मला वाटलं, दोष माझाच. एके दिवशी गोळ्या एकदम सोडल्या. भोवळ, डोक्यात विजेचे झटके, रात्रभर जाग. आजार उलटला असं घरच्यांना वाटलं. खरं तर तो गोळी एकाएकी तोडल्याचा परिणाम होता. ती हळूहळू, डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी करायची असते. त्रास असह्य असेल तर दुसरी गोळीही देता येते.

आपल्यातल्या काहीजणी म्हणतात, बाईला गप्प करण्यासाठीच या गोळ्या असतात. त्यात तथ्य आहे. गोळीनं नवऱ्याची दारू सुटत नाही की डोक्यावरचं कर्ज फिटत नाही. पण मैत्रिणींनो, त्याच गोळ्यांनी मला अंथरुणातून उठवलं म्हणून आज मी भांडते आहे. म्हणून 'घ्या' किंवा 'फेका' एवढ्यावर हा वाद संपवू नका. घेणारीला काय सांगितलं आणि तिचं कुणी ऐकलं का, हे विचारा.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९८६ मध्ये नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा बायकांना पूर्ण माहिती न देता ते टोचलं जातंय, हाच मुद्दा होता. गर्भाशयाबाबत आपण जे विचारलं, ते मनाच्या औषधाबाबत विचारायला का कचरतो? 'वेडी' म्हणतील म्हणून?

आज कायदाही आपल्या बाजूनं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २२ नुसार उपचार कोणते आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम कोणते, हे जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकते. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. पण कायदा काही दवाखान्यात आपल्या शेजारी येऊन बसत नाही. बसायला मैत्रीण लागते.

आमच्या गटात आता एक वही आहे. जी गोळ्या घेते ती झोप, भूक, पाळी, इच्छा, सगळं त्यात लिहिते; लिहिता येत नसेल तर दुसरी लिहिते. तपासणीला वही सोबत नेतो आणि दोघी जातो. सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः तरुण मुलींमध्ये, जीव द्यावासा वाटणं वाढू शकतं. तसं काही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट पाहत नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठतो. १४४१६ वर टेली-मानसचे समुपदेशक रात्रंदिवस बोलतात, तो क्रमांकही वहीच्या पहिल्या पानावर आहे.

सोसणं हा बाईचा धर्म नाही, असं आपण मोर्च्यात म्हणतो. दवाखान्यातही म्हणूया.