नांगर कोण विकणार?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने विद्यापीठांत नवोपक्रमांसाठी स्वतंत्र मंडळ आणले. हेतू स्तुत्य, पण कल्पनांच्या स्पर्धा, टाळ्या आणि प्रमाणपत्रे यांतून उद्योजक घडतील, हा भाबडा भ्रम आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी प्रथम धजेनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. तिच्याशी लक्ष्मणराव झुंजले, ते प्रत्यक्ष ग्राहकासमोर. १९१० साली कुंडलच्या माळावर वसलेली किर्लोस्करवाडी त्याच चिकाटीचे फळ होय. आजच्या विद्यार्थ्याला परीक्षक पुष्कळ भेटतात, ग्राहक एकही नाही. कर्मशाळांची कुलपे काढून त्याला शिवारात, बाजारात धाडण्याचे धैर्य विद्यापीठे दाखवणार आहेत काय?