हंगामांची मोजदाद आणि दोन वर्षांचे कॉलेज

विद्यार्थ्याने कॉलेजच्या संघातून किती वर्षे खेळावे, हा प्रश्न वरकरणी क्रीडाशिक्षकाच्या टेबलावरच मिटावा असा आहे. अमेरिकेत मात्र २०२४ च्या अखेरीपासून तो न्यायालयांपुढे वारंवार उभा राहिला, आणि तेथील न्यायाधीशांचेही त्यावर एकमत झाले नाही. वाद दिसतो खेळाच्या नियमाचा. वस्तुतः तो संधीच्या वाटपाचा आहे.

अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी प्रमुख संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, अर्थात एनसीएए. ज्या नियमावरून हा वाद पेटला तो थोडक्यात असा : सर्वोच्च श्रेणीच्या, म्हणजे पहिल्या विभागाच्या खेळाडूला पाच वर्षांच्या आत चार हंगाम खेळता येतील. ही पाच वर्षे तो कोणत्याही उच्चशिक्षण संस्थेत पूर्णवेळ दाखल झाला त्या दिवसापासून मोजली जातील. ती संस्था एनसीएएची सभासद नसली तरी घड्याळ सुरू होईल, आणि तिच्या संघातून खेळलेला हंगामही चारांतून वजा होईल.

येथेच कम्युनिटी कॉलेजचा संबंध येतो. ज्युनिअर कॉलेज या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या संस्थांचे आपल्याकडील अकरावी-बारावीच्या कॉलेजांशी काही नाते नाही. शालेय शिक्षण संपल्यानंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्या चालवतात. तो पुरा करून विद्यार्थी चार वर्षांच्या विद्यापीठात वरच्या वर्गात जाऊ शकतो. इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ साली अशा सार्वजनिक संस्थेचा पाया घातला गेला, आणि १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने या कल्पनेला राष्ट्रीय धोरणाचे बळ दिले. माफक फी आणि सर्वांना खुला प्रवेश ही त्यांची वैशिष्ट्ये. नोकरी सांभाळून शिकणारा, घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढणारा, शाळेत गुण कमी पडलेला असा विद्यार्थी तेथे येतो. त्यांच्या खेळांसाठी १९३८ सालापासून स्वतंत्र राष्ट्रीय संघटना आहे. तिचे प्रेक्षक, तिचा पैसा आणि तिची प्रसिद्धी यांची एनसीएएशी तुलनाही होऊ शकत नाही.

डिएगो पाविया हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू २०२० व २०२१ साली न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या दोन वर्षांच्या संस्थेत होता. पुढे दोन हंगाम तो न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाकडून आणि २०२४ मध्ये व्हँडरबिल्टकडून खेळला. कोविडच्या साथीमुळे २०२० चा हंगाम हिशेबात धरला गेला नाही. तरीही २०२१ ते २०२४ असे चार हंगाम भरले आणि त्याची पात्रता संपली. कम्युनिटी कॉलेजमधील २०२१ चा हंगाम मोजणे मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारे आहे, असे म्हणत तो न्यायालयात गेला. टेनेसीतील संघीय जिल्हा न्यायाधीश विल्यम कॅम्पबेल यांनी १८ डिसेंबर २०२४ रोजी त्याच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. त्यानंतर काही दिवसांतच एनसीएएने अशा स्थितीतील इतर खेळाडूंनाही एका वर्षाची सवलत जाहीर केली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने, या सवलतीमुळे वादाचे कारणच उरले नाही, असे म्हणून एनसीएएचे अपील निकालात काढले. नियम योग्य की अयोग्य हा मूळ प्रश्न तेथे अनुत्तरितच राहिला. पावियाने मात्र मिळालेल्या वर्षाचे चीज केले. त्या हंगामात व्हँडरबिल्टने प्रथमच दहा सामने जिंकले, आणि हाइसमन या सर्वोच्च पुरस्काराच्या मतदानात तो दुसरा आला.

हा नियम आताच का बोचू लागला, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. कॉलेजचा खेळाडू हौशी मानला जाई तोवर एक हंगाम कमी मिळणे ही केवळ हळहळीची बाब होती. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आल्स्टन खटल्यात एकमताने निर्णय दिला, की शैक्षणिक लाभांवर मर्यादा घालणारे एनसीएएचे नियम मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात आणि तेथे टिकत नाहीत. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस तडजोडीने तर विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देण्याची मुभा दिली. २०२५-२६ साठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २०५ लाख डॉलर इतकी होती. आणखी एक हंगाम म्हणजे पावियाच्या दृष्टीने दहा लाखांहून अधिक डॉलर, असे त्याचे म्हणणे होते. ज्या नियमाला शिस्तीचे स्वरूप होते त्याला श्रमाच्या बाजारातील निर्बंधाचे स्वरूप आले, ते असे. शिवाय श्रम विकत घेणाऱ्या साऱ्या संस्था एकत्र बसून विक्रेत्याने किती वर्षे बाजारात राहावे हे ठरवू लागल्या, तर त्या संगनमताकडे संशयाने पाहणे कायद्याला भागच असते.

एनसीएएची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. खेळ पदवीच्या अभ्यासक्रमाशी जोडलेला राहावा, पंचविशीतील अनुभवी खेळाडूसमोर अठरा वर्षांच्या मुलाला उभे करू नये, हा तिचा युक्तिवाद आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट जागांची. हाउस तडजोडीनुसार फुटबॉल संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली. एकाला जादा वर्ष मिळाले की शाळेतून नुकताच बाहेर पडलेला दुसरा कोणी दाराबाहेर राहतो, आणि तो न्यायालयात दिसत नाही. एका विद्यार्थ्याने दुय्यम विभागात खेळलेल्या हंगामांसंबंधीच्या खटल्यात, बाजारपेठेवर नेमका काय परिणाम होतो हे सिद्ध झालेले नाही, असे सांगून सातव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये खालच्या न्यायालयाचा मनाई हुकूम रद्द केला. याउलट, न्यू जर्सीतील संघीय न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये कम्युनिटी कॉलेजमार्गे आलेल्या एका खेळाडूला खेळू दिले होते.

तथापि मर्यादा असावी हे मान्य केले, तरी ती कोणावर कशी पडते हा प्रश्न शिल्लक राहतो. सधन घरचा मुलगा शाळा संपल्यावर महागड्या खासगी निवासी शाळेत एक जादा वर्ष काढतो, तेथे खेळतो, अंगापिंडाने भरतो. त्याचा एकही हंगाम खर्ची पडत नाही. गरीब घरचा मुलगा तेच वर्ष कम्युनिटी कॉलेजात काढतो. त्याचा हंगाम जातो आणि घड्याळही सुरू होते. सैन्यसेवा व अधिकृत धर्मकार्य यांसाठी हे घड्याळ थांबवण्याची तरतूद नियमात होती. पोटासाठी कॉलेज सोडून वर्षभर कामावर गेलेल्यासाठी तशी तरतूद नव्हती. एनसीएएच्याच दुसऱ्या व तिसऱ्या विभागांत मात्र कॅलेंडरऐवजी प्रत्यक्ष शिकलेली दहा सत्रे मोजण्याची रीत आहे. म्हणजे न्याय्य मोजपट्टी घरातच होती. जेथे पैसा सर्वाधिक होता तेथेच ती वापरली गेली नाही.

२०२५ साली पाच वर्षांत पाच हंगाम देण्याची चर्चा एनसीएएमध्ये झाली. त्याने हिशेब सोपा होईल. पण वर्षांची मोजणी पहिल्या कॉलेजच्या दारापासूनच होणार असेल, तर विषमता जागच्या जागी राहील. न्यायालयेही एकेका खेळाडूला एकेक हंगाम देऊ शकतात, सर्वांसाठी नियमावली लिहू शकत नाहीत. ते काम संस्थेचे आहे, आणि ते करताना तिने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावयास हवे. कम्युनिटी कॉलेजमधील वर्ष हे पुढच्या शिक्षणाची तयारी आहे, की आधीच खर्च करून टाकलेली संधी? दोन वर्षांची ही कॉलेजे ज्यांच्यासाठी उघडली गेली, त्यांनी त्या दारातून आत आल्याची किंमत मोजावी, हे कोणत्याही क्रीडाधर्मात बसणारे नाही.